प्रवासाच्या पुस्तकाचं पारायण

आत्याने त्या वर्षी चातुर्मासात भात सोडला तो एका प्रवासवर्णनापायी. माझ्या मुलींना हे सांगितलं की त्या हसतात, आणि हसण्यासारखं आहेच. पण मी त्या घरात होते, पुस्तक माझ्याच हातात होतं, आणि तेव्हा आमच्यापैकी कोणालाही हसू येत नव्हतं.

आम्ही डोंबिवलीला एका बैठ्या चाळीत राहत होतो. बिऱ्हाडांपुढे सलग पडवी, पडवीपुढे अंगण आणि अंगणापुढे भातशेती, ती पार खाडीपर्यंत. आषाढ लागला की बेडूक असे ओरडत की शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलायचं तर आपल्यालाही ओरडावं लागे. त्यात गाडी गेली की फळीवरची पितळी भांडी किणकिणत. रेशनचे दिवस होते. तांदूळ बेताचाच मिळायचा, त्यात खडे फार आणि त्याला गोणपाटाचा वास. कमी पडेल त्याची भरपाई ज्वारीने, तीही जुनाट, भाकरी थापताना तुटणारी. आईचं सगळं कसब तो तांदूळ पुरवण्यात जाई. कोकणातली माणसं आम्ही. भाकऱ्या कितीही खाल्ल्या तरी ताटात भात पडला नाही तर जेवण झालं असं आम्हाला वाटत नसे. मला अजूनही वाटत नाही, डॉक्टर काही म्हणोत.

आत्या म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. लग्नानंतर दोन पावसाळे गेले नाहीत तोच तिचा नवरा वारला. पुढची तीसेक वर्षं तिने सासरच्या घरी दळणकांडणात काढली. ते घर मोडलं तेव्हा अण्णा तिला घेऊन आले. कुलाबा जिल्ह्यातल्या सासरहून पनवेलपर्यंत एसटीने आणि तिथून शीळफाट्यावरून बैलगाडीने ती डोंबिवलीला आली, आणि आली तशी चाळीच्या बाहेर म्हणून गेली नव्हती. मुंबई तिने पाहिली नव्हती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पुढचे बहुतेक दात पडले होते. तिने कधी कोणाकडे काही मागितलेलं मी ऐकलं नाही. एक इच्छा मात्र तिच्या बोलण्यात यायची, तीही दुसऱ्याची गोष्ट सांगितल्यासारखी. तिच्या सासरचे एक दीर-जाऊ बद्रीनाथला जाऊन आले होते. त्यांचे तहानलाडू, भूकलाडू आत्याने केले होते, वळकटी तिने बांधून दिली होती. ते परत आल्यावर त्यांचे पाय तिने धुतले. तिचं स्वतःचं जाणं हा विषय त्या घरात कधी निघालाच नाही.

चातुर्मासात दुपारी पडवीत पोथी लागायची. चाळीतल्या आणि आसपासच्या बायका जेवणं, भांडी आवरून यायच्या. वाचायच्या लेलेकाकूंच्या सासूबाई. त्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेत इयत्तेत पुढे होते आणि माझा आवाज खणखणीत होता, एवढीच माझी लायकी. भक्तिभाव बेताचाच. आई म्हणायची, ही पोथी वाचते की वाण्याची यादी, काही कळत नाही. माझ्याबद्दल घरात ते मतच झालं होतं, की हिला काही वाटत नाही. मैत्रिणी चांदणं पाहून हळव्या व्हायच्या, मला उद्या कपडे वाळतील असं वाटायचं. मी कोरडी आहे हे मी मुकाट्याने मान्य करून टाकलं होतं.

अशात वाचनालयात माझा नंबर लागला. ते पुस्तक त्या वर्षी जो तो मागत होता. एका शिक्षिकेने दिवाळीच्या सुट्टीला रजा जोडून बद्रीनाथची यात्रा केली, त्याची हकिकत. बाईंचं आणि पुस्तकाचं नाव मी इथे घालत नाही. आपल्याविषयी आपण लिहिलं तेवढं पुरे, असं बाईंचं म्हणणं होतं. मी ते दाराशी बसून वाचायला घेतलं आणि पहिल्याच प्रकरणात दचकले. कारण ही बाई माझ्यासारखी होती. हरिद्वारला पोचल्यावर तिने गंगा पाहिली आणि पहिली चौकशी केली ती धुणं कुठे धुवायचं याची. नऊवारीचा काष्टा चढणीवर कसा घट्ट राहतो, ओली घोंगडी पाठीवर घेतली तर किती जड होते, धर्मशाळेतल्या उवा कशाने मरतात, हे सगळं तिने लिहिलं होतं. आणि त्यातच, ओळ न सोडता, सूर न बदलता, समोरचा डोंगर पहाटे कसा उजळत गेला तेही. तो उजेड वाचताना माझ्या अंगावर काटा आला. कोरड्या माणसालाही एवढं मोठं काही दिसू शकतं, आणि ते सांगायला त्याला ओलं व्हावं लागत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. पुढच्या आयुष्यात मी पुष्कळ पुस्तकं वाचली, नोकरीनिमित्त पुष्कळ मोठी माणसं जवळून पाहिली. तसा काटा पुन्हा क्वचितच आला.

आत्या वाती वळत होती. काय वाचतेस म्हणून तिने विचारलं. एक बाई बद्रीनाथला गेली त्याचं पुस्तक आहे, असं मी म्हटलं.

"कोणाबरोबर गेली?"

"एकटीच निघाली. वाटेत सोबत मिळाली."

आत्याने वातीचा कापूस खाली ठेवला. "मग अगो, ते दारात काय बसून वाचतेस? चौरंगावर ठेव. पोथी आहे ती."

आईने सांगून पाहिलं की वन्सं, ही पोथी नव्हे, वाचनालयाचं पुस्तक आहे, परत करायचं आहे. आत्याचं म्हणणं सरळ होतं. क्षेत्राची वाट ज्यात सांगितली आहे ते क्षेत्राचं माहात्म्य. माहात्म्य दारात बसून वाचायचं नसतं. दुसऱ्या दिवशी नेहमीचा अध्याय झाल्यावर तिने ते पुस्तक तांबड्या फडक्यावर ठेवायला लावलं आणि हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला. पुस्तक पुरं होईपर्यंत भात खाणार नाही. आपल्याला काही आता जायला मिळायचं नाही, तेव्हा ही बाई जाते तिच्याबरोबर ऐकत ऐकत जायचं, तिला दर्शन झालं की आपल्यालाही झालं, असा तिचा हिशेब होता. पडवीतल्या एकाही बाईला त्यात वावगं वाटलं नाही. पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं गेलं. मी आधीच खाकी कव्हर घातलं होतं म्हणून वाचनालयाचं नुकसान टळलं.

आणि मग पोथीचे सगळे नियम लागू झाले. वाचायच्या आधी 'श्रीगणेशाय नमः'. प्रकरण अर्धवट सोडायचं नाही. वाचून झालेल्या भागाच्या पुढचं पान उलगडून पाहायचं नाही, आणि पुस्तक चौरंगावरून खाली आणायचं नाही. मला पुढे काय झालं हे वाचायची इतकी ओढ लागे, पण हात लावायची सोय नव्हती. हात जोडून बसलेल्या बायकांना मी उवांचं प्रकरण वाचून दाखवलं. पंड्याने दक्षिणेवरून घातलेली हुज्जत वाचली, बाईंना लागलेली हगवण वाचली. लेलेकाकूंना ते जरा जड गेलं. असलं पोथीत लिहितात का, असं त्यांनी मला विचारलं. उत्तर आत्याने दिलं, की बाई चालत गेली ना, मग जे झालं ते लिहील, विमानात बसून गेलेल्यांच्या पोथ्या वेगळ्या. त्या दुपारपासून कोणी शंका काढली नाही. वाचनालयाचे ग्रंथपाल मुदत वाढवून देत होते, कारण त्यांची आई आमच्या पडवीत दुसऱ्या ओळीत बसत असे.

झुलत्या पुलाच्या दिवशी पडवी भरून अंगणात घोंगड्या टाकाव्या लागल्या. खाली नदी, वर दोरांना बांधलेल्या फळ्या, त्यातल्या काही गेलेल्या. बाईंच्या सोबतीला तोवर वऱ्हाडातली एक म्हातारी आणि तिचा पुतण्या आला होता. पुतण्या पुढे जाऊन पलीकडे उभा. म्हातारी मधोमध थांबली आणि म्हणाली, मी आता इथेच राहते. बाईंनी तिला ओढलं नाही, धीरही दिला नाही. त्या तिच्याशेजारी थांबल्या आणि तिला विचारू लागल्या, तुमच्याकडे तुरीच्या डाळीला फोडणी कशाची देता. म्हातारी चिडून सांगू लागली आणि सांगता सांगता दोघी पलीकडे गेल्या. मी हे वाचत होते तेव्हा आमच्या शेगडीवरची भाजी करपली. वास सगळ्यांना आला, आई समोरच बसली होती, पण ती उठली नाही.

भात सोडल्याचं पहिले काही दिवस कोणाला विशेष वाटलं नाही. अण्णा म्हणाले, चला, सरकारला मदत झाली. पण आत्याला भाकरी चावत नसे. ताकात कुस्करून ती थोडी गिळायची, आणि ती जुनाट ज्वारी तिच्या पोटाला सोसायची नाही. वरई, साबुदाणा घे म्हटलं तर म्हणायची, उपास थोडाच आहे माझा, उपासाचं कशाला खाऊ. श्रावण सरता सरता तिच्या बांगड्या नसलेल्या हातांची हाडं दिसू लागली. गणपती आले. उकडीचे मोदक सगळे तिने एकटीने वळले, एकेका मोदकाची पाकळी अशी की बघत राहावं. पण उकड तांदळाची, म्हणून तिने एकही तोंडात घातला नाही. आम्ही खाताना ती पंखा घेऊन माश्या वारत बसली होती. आता थोडंच राहिलंय, असं ती म्हणाली. आणि खरंच थोडं राहिलं होतं. बाई शेवटच्या चट्टीवर पोचल्या होत्या. चट्टी म्हणजे यात्रेकरूंच्या मुक्कामाच्या झोपड्या. तिथून देऊळ अर्ध्या दिवसाच्या चढणीवर. थंडीसाठी देवळाची दारं बंद व्हायचे दिवस आले होते आणि म्हातारीला ताप भरला होता.

गौरी-गणपती गेल्यावर पुन्हा पोथी लागली. मी पान उलटलं, तर पुढे पान नव्हतं. नुसता पुठ्ठा. शेवटची पानं शिवणीतून सुटून केव्हा कुठे गेली होती देव जाणे. इतक्या घरांतून फिरलेलं पुस्तक ते. मी पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला. बायका हात जोडून थांबल्या होत्या. संपलं असं मला म्हणता आलं असतं, पण वाक्य अर्धं होतं. मी खरं ते सांगितलं. सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. तिने पुस्तकावर फडकं घातलं आणि म्हणाली की मग शोधा.

शोधलं. ग्रंथपालांनी कपाटं उपसली. कल्याणच्या वाचनालयात एक प्रत होती, ती कोणी तरी नागपूरला घेऊन गेलं होतं. अण्णा ऑफिस सुटल्यावर गिरगावात दुकानं फिरले. आवृत्ती संपली, दुसरी दिवाळीनंतर, असं उत्तर मिळालं. दिवाळीनंतर म्हणजे आत्याला आणखी किती काळ काढावा लागला असता हे आम्हाला कळत होतं. त्याच आठवड्यात ती विहिरीवर घागर ओढताना चक्कर येऊन पडली. कठड्याच्या अलीकडे पडली म्हणून वाचली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की दुसरं काही नाही, यांना भात द्या. अण्णा तिच्यावर कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशी चढवला. आत्याने ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

मग अण्णांनी मला अंगणात बोलावलं. म्हणाले, "शरू, तू हुशार आहेस. चार ओळी लिही. बाई पोचली, दर्शन झालं, डोळ्यांत पाणी आलं. पुस्तकात चिकटवू आणि उद्या वाचून टाक."

आईही मागे येऊन उभी होती. तिचीही तीच इच्छा होती. मी नाही म्हटलं. यात माझा सत्यवादीपणा काही नव्हता, आत्याचा जीव वाचत असता तर मी सरळ खोटं बोलले असते. पण ती बाई देवळाच्या दारात उभी राहिल्यावर काय लिहील ते मला माहीत नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं असं ती नक्की लिहिणार नाही, एवढं माहीत होतं. आणि आत्यालाही माहीत होतं. दोन महिने ती त्या बाईच्या मागोमाग चालली होती. दुसऱ्या कोणाचं पाऊल पडलं असतं तर तिने पहिल्या वाक्यात ओळखलं असतं.

बाई ठाण्याला नौपाड्यात राहतात, हे ग्रंथपालांच्या आईंनी सांगितलं. त्यावर आत्या उठून बसली आणि म्हणाली की मग जाऊन विचारू. आई म्हणाली, शरू विचारून येईल. आत्या म्हणाली, पोथी निरोपाने ऐकत नाहीत.

दुपारच्या गाडीला आम्ही दोघी निघालो. डब्यात आमच्याशिवाय एक कोळीण होती, तीही मुंब्र्याला उतरली. आत्याच्या मांडीवर पिशवी, त्यात नारळ आणि समाप्तीचा शिधा. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि एकाएकी काळोख झाला. आत्या आगगाडीत बसली होती तीच मुळी पहिल्यांदा, बोगद्याची कल्पना तिला कुठून असणार. तिने माझा हात धरला नाही. उजेड आल्यावर तिने शांतपणे विचारलं की डोंगर आत्ता आपल्या डोक्यावर होता का. हो म्हटल्यावर ती वळून वळून त्या डोंगराकडे पाहत राहिली. स्टेशनवरून तळ्याच्या काठाने आम्ही हळूहळू, बसत-उठत चाललो. मला सारखं वाटत होतं की तिने मध्येच अंग टाकलं तर मी काय करू. आणि त्याहून मोठी भीती वेगळीच होती. बाई भेटल्या नाहीत तर?

बाई भेटल्या. एका घराच्या मागच्या दोन खोल्या. दारातच त्या सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी त्यांना उंच, काटक अशा मनात धरल्या होत्या. प्रत्यक्षात ठेंगण्या, चष्मा जाड, पायाला तेल चोळलेलं. आमच्या रेशनच्या तांदळात होते तसलेच खडे त्यांच्या सुपात होते. मी कोरडी मुलगी, पण झुलत्या पुलावरून गेलेले पाय ते हेच, एवढंच डोक्यात फिरत होतं. शेवटी पुस्तकाची पानं गेल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "गेली असतील, कागदच तसला होता. पण माझ्याकडेही प्रत नाही. शेवटची शाळेतल्या मुलींनी नेली. बसा, तोंडी सांगते, दोन मिनिटांचं काम आहे." आणि तांदूळ निवडत निवडत सांगायला लागल्या.

मी त्यांना थांबवलं. चौरंग, संकल्प, भात, विहीर, सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि त्यांचा हात सुपात थांबला होता. उवा पण वाचल्यात, असं त्यांनी विचारलं. वाचल्या, मी म्हटलं. त्यांनी आत्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं, उठून मोरीत हातपाय धुतले, पाट मांडला, आत्याला त्यावर बसवलं आणि स्वतः समोर जमिनीवर मांडी घालून बसल्या. चट्टीवर आलो तिथपासून सांगते, असं म्हणाल्या आणि शाळेत धडा सांगावा तसं सरळ, सावकाश सांगू लागल्या.

बर्फ पडू लागलं होतं. देवळाची दारं दुसऱ्या दिवशी बंद होणार होती. सगळी मंडळी पहाटे वर निघाली, म्हातारीचा पुतण्याही. काकू, येतो, असं तिला म्हणून गेला. म्हातारी तापाने बडबडत होती. झोपडीचा चट्टीवालाही देवाला निरोप द्यायला वर गेला. बाईंनी काठी घेतली होती, पायांना पट्ट्या बांधल्या होत्या. दारापर्यंत जाऊन त्या परत आल्या आणि चूल पेटवली.

"मी वर गेले नाही," बाई म्हणाल्या. "दारं बंद झाली. मंडळी प्रसाद घेऊन उतरली. म्हातारीचा ताप उतरल्यावर आम्हीही उतरलो. पुस्तक तिथे संपतं."

मी आत्याकडे पाहायचं धाडस केलं नाही. तिने दोन महिने भात सोडला होता तो या दर्शनासाठी. त्या बाईच्या डोळ्यांनी ती पाहणार होती, आणि त्या बाईने पाहिलंच नव्हतं. अण्णांच्या चार ओळी मी लिहिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं.

"पुन्हा कधी गेलात?" आत्याने विचारलं.

"नाही. रजा संपली होती. आता गुडघे संपले."

"म्हातारी जगली?"

"जगली. पत्र येतं तिचं. शिव्या घालते. माझ्यापायी तुझा देव राहिला म्हणते."

आत्याने पिशवी मांडीवर ओढून घेतली. बाहेर कोणी तरी रहाटाने पाणी काढत होतं, त्याची करकर येत होती. बाईंनी काही समजावलं नाही, वाईट वाटून घेऊ नका असं म्हटलं नाही. त्या नुसत्या समोर बसून राहिल्या, पुलावर थांबल्या असतील तशा.

पुढे कधीतरी मी बद्रीनाथला गेले. आता मोटार दारापर्यंत जाते. रांगेत उभी राहिले, दर्शन झालं, बरं वाटलं. पण उतरताना त्या शेवटच्या चट्टीच्या जागी मी गाडी थांबवायला लावली. पाहण्यासारखं तिथे काही नव्हतं, चहाची दुकानं, दगड, धूर. मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि माझे हात आपोआप जोडले गेले. बरोबरच्या बायकांनी विचारलं, इथे कुठलं देऊळ आहे? काय सांगणार.

आत्याने घरी येऊन पडवीतल्या बायकांना काय सांगितलं ते इथेच सांगून मोकळी होते. लेलेकाकूंनी तोच प्रश्न केला, की मग देवाचं काय. आत्या म्हणाली, "देव वर्षभर थांबतो. म्हातारी थांबली नसती." चौरंगावरच्या पुस्तकात ती पानं नव्हती, पण तिने शेवटचा अध्याय पहिल्यापासून तोंडी सांगितला, आणि तो बाईंनी सांगितला त्याहून लांब होता.

पण हे संध्याकाळचं. नौपाड्यातल्या त्या खोलीत ती अजून पाटावरच होती. मग तिने विचारलं, "चूल पेटवलीत, ती कशाला?"

"पेज करायला. म्हातारीच्या गाठोड्यात मूठभर तांदूळ होते."

"कशात केलीत?"

"तांब्यात. पातेली सामानाबरोबर वर गेली होती."

"तूप नसेल."

"तूप कुठलं. मीठ होतं."

आत्याने मान हलवली. ती पाटावरून उठली, पिशवीतून नारळ आणि शिधा काढून बाईंपुढे ठेवला आणि वाकून नमस्कार केला. बाई तिच्याहून लहान. त्या घाईने मागे सरकल्या आणि त्यांनीच आत्याचे पाय धरले. कोरडी माणसं अशी हलतात तेव्हा पाहणाऱ्याने दुसरीकडे पाहावं, म्हणून मी सुपाकडे पाहत राहिले.

"समाप्ती झाली," आत्या म्हणाली. "आता मला भात चालेल. पण एकदम सोसायचा नाही. तेव्हा तशीच पेज करा थोडी."

बाईंनी सूप पुढे ओढलं. तिघींनी मिळून तांदूळ निवडले. पेज तांब्यात केली नाही, पातेल्यात केली, कारण पातेलं होतं, आणि नसती नाटकं दोघींनाही पसंत नव्हती. बाईंनी तुपाची वाटी काढली होती. आत्याने हाताने ती बाजूला केली आणि मीठ मागितलं. गरम पेज फुंकर घालत, थांबत थांबत ती प्यायली. प्रत्येक घोटाला डोळे मिटत होती. वाडग्याच्या तळाशी राहिलेली शितं तिने बोटाने निपटून घेतली, वाडगा खाली ठेवला आणि बाईंना विचारलं, "आणखी आहे?"